वीतभर ओल

आखाजीचा दुसरा दिवस
टेकडी फळिया, कामरेजच्या पुढे

विशाखा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन वाजून वाजून दमतो. रजिस्टर पत्र असलं की पोस्टमन दमत नाही, सही घेतल्याशिवाय हलतच नाही. तिकडे अमरेलीला तुझ्या त्या पावसाच्या कचेरीत सगळ्यांच्या देखत तुला आजीच्या नावावर सही करावी लागेल. करच.

माझं नाव सरस्वती असलं तरी शाळा दोनच यत्ता झाली, तेव्हा काना-मात्रा चुकला तर दात काढू नको. अहिराणीत लिहिलं असतं तर हात भराभर चालला असता, पण तुला ती आता येते की विसरलीस कोण जाणे. तू आता स्वप्नंसुद्धा गुजरातीत बघत असशील.

काल आखाजी झाली, तुमच्या कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. फळियातल्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, सगळ्या लेकी माहेरी आल्या. शेजारच्या सुमनची नणंद नंदुरबारहून दोन लेकरं काखेत घेऊन आली, तिला एसटीत जागासुद्धा मिळाली नव्हती. लिंबाला झोके बांधले. तू आली नाहीस. मी काही वाट बघितली नाही. दोन पुरणपोळ्या जास्तीच्या झाल्या त्या पुरण उरलं म्हणून झाल्या. कुत्र्याला घातल्या.

मागच्या वर्षाचं एकदा लिहून टाकते, म्हणजे तू काय मनात धरून बसली आहेस त्याला मला तोंड देता येईल.

पन्नास वर्षं झाली, आखाजीला पितरांची घागर भरून मी तिच्याखाली मातीची चार ढेकळं ठेवते. जेठ, आखाड, श्रावण, भादवा. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर उचलायची. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त. माझ्या सासूने हेच केलं, तिच्या सासूने हेच केलं. आपल्या टेकडीवर कालव्याचं पाणी चढत नाही, म्हणून तर उसाच्या पटेलांना ही जमीन नको झाली आणि आपल्या अठरा खानदेशी घरांना भागाने मिळाली. वरून पडेल तेवढंच आपलं. मग माणूस वरच्यालाच विचारणार, तुझ्या मोबाईलला नाही.

मागच्या वर्षी जेठाच्या ढेकळाचा चिखल झाला होता. मी म्हटलं, जेठातच पेरा. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात आलाही. तू सुट्टीला आलेली, मोबाईल नाचवत म्हणालीस, थांबा, हा पाऊस टिकणार नाही. मी म्हटलं, तुझ्या बापाला मी दूध पाजलं, आता तू मला पाऊस पाजतेस? सगळ्यांनी भुईमूग पेरला. नंतर चोवीस दिवस आभाळात फडकं नाही. बी जमिनीत भाजलं गेलं. इथवर ठीक होतं, शेतीत होतं असं. पण तू काय केलंस? माझ्या देव्हाऱ्याजवळची घागर उचलून ओट्यावर आणलीस, अठरा घरांसमोर पाणी भरलंस आणि फिरवून दाखवलंस. "ह्या बाजूने चीर आहे. ढेकूळ पावसाने नाही, चिरेने भिजलं."

चीर नव्हती. घागर मातीची असते, ती पाझरते. ती काही स्टीलची कळशी नव्हे.

मग मी तुला या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नको म्हटलं. म्हटलं ते म्हटलं. मी शब्द परत घेणारी बाई नाही, हे तुझ्या आजोबांना मरेपर्यंत माहीत होतं.

तर या वर्षीचं कळवते. आज सकाळी घागर उचलली. जेठ कोरडा ठणठणीत. आखाड ओला. म्हणजे पहिल्या पावसावर पेरायचं नाही, हे अठरा घरांनी ऐकलं. तू तुझ्या बापाकडे निरोप दिला होतास ना, पहिल्या पावसाला भुलू नका, जमिनीत वीतभर ओल उतरल्याशिवाय बी टाकू नका? तोच नागनाथ इथे येऊन मला ते सांगत होता. मी म्हटलं, मला कोणाच्या निरोपाची गरज नाही, ढेकूळ सांगेल. आणि बघ, ढेकळाने सांगितलं.

तुझ्या बापाची आई,
सरस्वती

*

६ जून

विशाखा,

तुझी सही असलेली पावती परत आली. अक्षर अजून घाणेरडंच आहे.

काल दुपारी पाऊस आला. पावसाचं वर्णन करायला मला वेळ नाही. तो आल्याबरोबर फळियातली माणसं अशी बाहेर पडली जशी जत्रेतली पाळण्याची रांग. ज्याच्या त्याच्या हातात बियाण्याचं पोतं. सुमन तर डबा घेऊन थेट माझ्या दारात.

"आजी, पेरू का?"

"ढेकळाने काय सांगितलं होतं?"

"जेठ कोरडा म्हणून."

"मग?"

"पण पडतोय ना तो!"

"पडू दे. त्याला कोणी पडू नको म्हटलंय?"

तिला हाताला धरून तिच्याच शेतात नेलं. खुरप्याने खड्डा काढला. चार बोटं काळी माती, खाली पिठासारखी धूळ. वरून तूप लावलेली आणि आतून कोरडी भाकर. तिला दाखवलं. ती खड्ड्यात बघत राहिली, मग आभाळात, मग डब्यात. तिचा नवरा तिकडे सचिन गावच्या रंगाच्या मिलमध्ये बारा बारा तास असतो, शेत तिचं एकटीचं आहे. मागच्या वर्षी जळलं ते बी तिने घरचं काढलेलं होतं. या वर्षीचं बी विकत आणून पोरांच्या तोंडचं राखून ठेवलं आहे. पोरं शेंगा मागायची तर ती पाठीत धपाटा घालायची. एकाच पेरणीचं आहे. तिचंच कशाला, सगळ्यांचंच एका पेरणीचं आहे. हे जळलं की टेकडी वर्षभर मोकळी.

बाबुरावने मात्र पेरलं. चाळीस वर्षांपूर्वी चलथाणच्या कारखान्याला ऊस तोडायला आम्ही एकाच ट्रकमधून उतरलो, तेव्हापासून हा माणूस माझ्याशी भांडतो. तुझे आजोबा गेले तेव्हा तिरडी बांधतानासुद्धा दोरीच्या गाठीवरून भांडला. काल बांधावरून ओरडला, "काय वं सरू, ढेकूळ काय म्हनस?"

"थांब म्हणतंय."

"पानी तं पडी ऱ्हायना!"

"पडतंय, मग तुझ्या डोक्यावर पडू दे, जरा थंड होईल."

तो हसला आणि पांभर जुंपली.

आणखी एक. उसाच्या शेतातलं वाळक्या पानांचं पाचट पटेल लोक जाळून टाकतात. मी मे महिन्यात डोक्यावर भारे वाहून ते आणलं आणि शेताच्या कडेला गंजी लावली. बी उगवलं की दोन ओळींच्या मधे अंथरणार, म्हणजे ओल उडत नाही. शेतही या वेळी सपाट ठेवलं नाही, वरंबे ओढले. बी वरंब्यावर, जास्तीचं पाणी सरीतून खाली. बाबुराव म्हणतो, म्हातारी शेताला गोधडी शिवतेय. शिवते. जन्मभर पाचट सोललं, त्यातलं थोडं माझ्या कामाला आलं तर कोणाच्या पोटात का दुखावं?

हे मला आपलं मनाने सुचलं. कोणी सांगितलं नाही.

सरस्वती

*

९ जून

विशाखा,

हे पत्र वाच आणि चुलीत घाल. तुझ्याकडे चूल नसेल तर फाडून टाक.

आज पाचवा दिवस, पाऊस थांबत नाही. मोठा नाही, पण थांबत नाही. बाबुरावचं पेरून झालं, आता ओसरीवर बसून विडी ओढतो आणि माझ्या दाराकडे बघून खोकतो. अजून दोन घरं पेरायला निघाली होती, त्यांना मी बांधावर आडवी पडून अडवलं. खरंच आडवी पडले. चिखलात. सुमन रोज सकाळी दारात येऊन उभी राहते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर चार शिव्या देता आल्या असत्या.

हा असाच पंधरा दिवस पडत राहिला तर काय होईल ते तुला कॉलेजात शिकवलं असेलच. वाफसा येणार नाही, चिखलात पांभर चालणार नाही, पेरायची वेळ निघून जाईल. बाबुरावचं एकट्याचं हिरवं आणि सतरा घरांचं काळं. सतरा घरं माझ्या शब्दावर थांबली आहेत.

आणि तो शब्द माझा नाही. ढेकळाचाही नाही.

आखाजीच्या दुपारी पुरुष लिंबाखाली पत्ते कुटत होते आणि बायका झोक्यावर होत्या. मी दार लोटून घेतलं. दुधाच्या पिशवीचा तुकडा कापून जेठाच्या ढेकळावर अंथरला, घागर आणि त्याच्या मधे. आखाडाच्या ढेकळावर तीन ओंजळी पाणी घातलं. सकाळी सगळे यायच्या आत प्लास्टिक काढून चुलीत टाकलं. हात थरथरला असं लिहू का? नाही थरथरला. पितर बघत होते म्हणशील तर बघू देत. तुझ्या आजोबांनी जिवंत असताना पेरणीच्या बाबतीत माझं कधी ऐकलं नाही, मेल्यावर तरी एकदा ऐकावं.

का केलं ते विचारशील. तुझा निरोप मी माझ्या तोंडाने सांगितला असता तर फळिया म्हणाला असता, मग पोरीला हाकललंस कशाला? माझं नाक मोठं आहे, तुला माहीत आहे, तुझंही तसंच आहे. मला नाकही वाचवायचं होतं आणि बीही. ढेकळाच्या तोंडून तुझंच म्हणणं सांगितलं, की दोन्ही वाचतात. असा हिशेब.

आता वाटतं, मी खोटं बोलले ते बोलले, पण तूच चुकली असलीस तर? मागच्या वर्षी मी अठरा घरं बुडवली, या वर्षी तुझ्या नावाने सतरा बुडवीन. मला माझं काही नाही. पण सुमनची पोरं शेंगा मागताना माझ्याकडे बघायची.

पाऊस थांबणार आहे की नाही, एवढं एका ओळीत बापाला कळव. मला कळवू नको.

सरस्वती

*

२७ जून

विशाखा,

नागनाथ रविवारी उधन्याहून आला. तुझा निरोप आणला. "तारखेकडे बघू नका, वीत बघा." बस. एवढंच? मी चिखलात लोळून विचारलं आणि तू चार शब्द पाठवतेस? रक्त माझंच आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

पाऊस दहा तारखेला गेला तो गेला. सतरा दिवस झाले. ऊन असं की बादलीचा कान पकडवत नाही. बाबुरावचा भुईमूग उगवला होता, दोन दोन पानं, दिसायला गोड. मग माना टाकल्या. तो आणि त्याची बायको तळ्यावरून हंड्यांनी पाणी आणून ओळीत घालायचे. मीही चार दिवस दोन दोन हंडे टाकले, तो म्हणाला, नको टाकू, मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, रोपाला बघवत नाही. काही उपयोग झाला नाही. परवा त्याने स्वतः वखर फिरवून ते मोडलं. त्याच्याकडे आता मूठभर बी उरलेलं नाही.

मी जिंकले म्हणायला हरकत नाही. पण झालंय काय ते ऐक. फळियातली माणसं नारळ घेऊन यायला लागली आहेत. सात नारळ आले. सुमनने माझ्या घागरीला हळद-कुंकू लावलं. कोपऱ्यावरची बाई विचारायला आली, की पोराचं लग्न सोयगावच्या स्थळाशी करू की अंमळनेरच्या, ढेकळं ठेवून सांगाल का? मी म्हटलं, दोन्हीकडच्या मुलींना भिजवून बघ. ती हसलीसुद्धा नाही. खरंच वाटलं तिला.

नारळाची चटणी केली. दुसरं काय करणार.

तुझा बाप म्हणाला, आई, पुरे झालं हे, उधन्याला चल. खोलीत बसून साडीवर टिकल्या चिकटव, तुझ्या सुनेला, छायाला हातभार होईल. पंख्याखाली काम. मी म्हटलं, नागनाथ, पाऊस वेडा झाला म्हणून मी पळाले तर त्याला वाटेल तोच शहाणा आहे. तो वेळ बदलतो ना, मी बी बदलीन. आपलं जुनं पसरं वाण एकशेवीस दिवस खातं, या वेळी सगळ्या फळियाने शंभर दिवसांचं उभं वाण आणलं आहे. उशिरा आलास तर उशिरा ये, म्हणावं. तुझा बाप म्हणाला, हे वाण कोणी सांगितलं? मी पाणी प्यायला उठले.

बरं. वाण तू सांगितलं होतंस. पाचटही तूच सांगितलं होतंस. वरंबेही. मागच्या वर्षी भाकरी थापताना माझ्या कानाशी बडबडत होतीस, मी ऐकत नाही असं तुला वाटायचं. माझे कान भाकरीत नव्हते.

सरस्वती

*

८ जुलै

विशाखा,

आज लांबलचक आहे, चहा घेऊन बस.

तीन तारखेला आभाळ भरून आलं आणि या वेळी खेळायला आलं नव्हतं. रात्रंदिवस. चार तारखेला सकाळी उघडलं आणि सगळा फळिया माझ्या ओट्यासमोर जमला. हुकूम ऐकायला. मी अजून शेतात गेलेच नव्हते. आणि त्यांच्यातून बाबुराव पुढे आला, टोपी काढली आणि माझ्या पायाशी वाकला.

"सरू, मी पितरांचा शब्द मोडला. म्हणून माझंच जळलं. माझ्यासाठी घागरीपाशी सांग काहीतरी."

चाळीस वर्षं मला शिव्या देणारा माणूस, विशा. त्याचं टक्कल माझ्या पायाजवळ. मला जे वाटलं ते कागदावर येत नाही. ऊस तोडताना माझ्या पायात कोयता शिरला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. मी ओरडले, "ऊठ आधी! उठतोस की लाथ घालू?"

आणि सगळं सांगितलं. दुधाची पिशवी, तीन ओंजळी, सगळं. म्हटलं, थांबायला सांगणारी विशाखा होती. ढेकळाला मी भिजवलं. पितरांनी तुझं काही जाळलं नाही, बाबुराव, ऊन होतं ते.

बाबुराव उभा राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला मग लाल.

"म्हणजे तुला खरं कारण माहीत होतं. आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग काय मग! पोरीचं म्हणणं आहे म्हणून सांगायचं होतंस. त्यावर मी भांडलो असतो, विचारलं असतं, ती वीत का म्हणते, चार बोटं का नाही. ढेकळाला काय विचारू? ढेकूळ बोलतं का? नाही म्हणायचं तर मी नाही म्हटलं असतं, पण कशाला नाही म्हणतोय ते तरी कळलं असतं."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं बरोबर होतं. हे त्याला सांगू नको.

एवढं झालं तर बाकीचंही बाहेर काढावं म्हणून आत गेले आणि मागच्या वर्षीची घागर घेऊन आले. टाकली नव्हती, कोठीमागे ठेवली होती. पाणी भरलं. फिरवली. गळ्याखालून बारीक धार, जेठाच्या बाजूला.

चीर होती, विशाखा.

आणि मला माहीत होतं. मागच्या आखाजीला दुपारीच घागरीखाली ओल दिसली होती. पण पूजा होऊन गेलेली, पितरांच्या नावाने भरलेलं पाणी त्या दिवशी ओतून देत नाहीत, घागर बदलत नाहीत. सासूने शिकवलेलं. म्हटलं, राहू दे, उद्या आपल्या मनाने तेवढं वजा धरू. सकाळी सगळे जमले, जेठाचा चिखल बघून आनंदाने ओरडले, आणि त्या आरड्यात मला वजा धरता आलं नाही. पितरांचं एक घागर पाणी मी ओतलं नाही आणि अठरा घरांचं बी ओतून दिलं. तू चीर दाखवलीस तेव्हा मी तुला हाकललं ते तू खोटी होतीस म्हणून नाही.

हे सगळं मी ओट्यावर उभी राहून सांगितलं. बसून नाही.

मग काय, सगळे आपापल्या घरी गेले. नारळवाल्या बाईने जाताना आपला नारळ परत मागितला. मी म्हटलं, चटणी झाली. दोन घरं माझ्याशी अजून बोलत नाहीत, त्यांचा तो हक्क आहे. मला वाटलं, संपलं, आता जो तो वाटेल तेव्हा पेरेल, नाहीतर पेरणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सुमन. हातात खुरपं.

"आजी, वीत कोणाची? तुझी की माझी? तुझा हात केवढा, माझा केवढासा."

वर्षभर ही पोरगी मला "पेरू का" एवढंच विचारत आली होती. उसाचं एक कांडं घेतलं, माझ्या वितीएवढं कोयत्याने तोडलं आणि तिला दिलं. खड्ड्यात उभं कर, म्हटलं, वरपासून खालपर्यंत माती ओली लागली की पेर, मला विचारायला येऊ नको. ती गेली. तासाभराने तिच्या मागोमाग दुसरी आली, मग तिसरा. दुपारपर्यंत टेकडीवर जिथे तिथे माणसं खड्ड्यात डोकं घालून बसलेली. बाबुराव सगळ्यात शेवटी आला. कांडं हातात घेऊन म्हणाला, "वाकडं तोडलंस."

त्याला माझं अर्धं बी दिलं. घेत नव्हता. मी म्हटलं, हे उपकार नाहीत, खोटं बोलल्याचा दंड आहे, मुकाट्याने घे. दंड म्हटल्यावर घेतलं. माझा अर्धा तुकडा मोकळा राहील, तिथे तूर लावते.

बहुतेकांनी माझं बघून वरंबे ओढले आणि सहा तारखेला टेकडी पेरली. सगळी.

सरस्वती

*

१२ ऑक्टोबर

विशाखा,

तुझं पार्सल राखीपौर्णिमेला मिळालं. पाऊस मोजायची प्लास्टिकची नळी, तिच्यावर रेघा. चिठ्ठी नाही. मी खोका उलटा करून झटकला, तरी नाही. नळी ओट्याच्या खांबाला बांधली. रोज सकाळी सुमनचा मोठा वाचतो आणि भिंतीवर कोळशाने आकडा लिहितो. भिंत काळी केली कार्ट्यांनी. नळी बरी आहे. थोडी वाकडी बांधली असं बाबुराव म्हणतो.

भादव्यात दोन दिवसांत त्या नळीत मावेना एवढा पडला. खालच्या उसात माणूस बुडेल इतकं पाणी. आपल्या टेकडीवरून लोंढा घरात शिरला, चूल विझली, कोठी तरंगली. पण वरंब्यावरचा भुईमूग पाण्यावर मान काढून उभा होता आणि पाणी सरीतून खाली जात होतं. पाचटाने माती धरून ठेवली. ज्यांनी सपाट पेरलं होतं, अशी चार घरं आहेत, त्यांचं निम्मं कुजलं. पुढच्या वर्षी तेही गोधडी शिवणार म्हणतात. शिवू देत, पाचट कोणाच्या बापाचं नाही.

या आठवड्यात उपटलं. उतारा फार मोठा नाही, उगीच फुगवून सांगत नाही. पण प्रत्येक घरात पुढच्या पेरणीचं बी बाजूला पडलं आणि वर खायला राहिलं. सुमनची पोरं ओल्या शेंगा खाऊन दोन दिवस पोट धरून बसली होती. तिने या वेळी धपाटे घातले नाहीत.

या पत्राबरोबर शेंगांची पिशवी आहे. भाजून खा, कच्च्या चावू नको, तुला सवय आहे. पिशवीत उसाचं एक कांडंही आहे, वाळलेलं. ते माझी वीत. तुझ्या कचेरीतल्या पट्टीने मोजून बघ बरोबर आहे का, आणि चूक असेल तर तोंडाने येऊन सांग. बाबुराव म्हणतो, पोरीला समोर बसवून विचारायचं आहे, वीत का आणि चार बोटं का नाही. तीन महिने झाले तरी त्याचं भांडण शिल्लक आहे.

पुढच्या आखाजीला घागर भरणार आहे. ढेकळंही ठेवणार. पितरांना त्यांची सवय आहे, आणि मला पितरांची. ती बघायची, सगळ्यांनी बघून हसायचं, आणि मग कांडं घेऊन शेतात जायचं, असं ठरलं आहे. कोरी घागर कुंभाराकडून मी वाजवून आणीन. तरी तू एकदा फिरवून बघ. ओट्यावर, सगळ्यांसमोर.

आता एक राहिलं. मी तुला या घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको म्हटलं होतं आणि शब्द मी परत घेत नाही, ते तर तू जाणतेसच. पण तो लाकडी उंबरा भादव्याच्या पाण्यात फुगला आणि सडला. बाबुरावने उपटून चुलीत घातला. त्याच्या जागी सिमेंटचा नवा बांधला आहे, दीड हात उंच, म्हणजे पुन्हा लोंढा आला तरी आत येणार नाही. पाय जरा वर उचलावा लागतो.

या नव्या उंबऱ्याबद्दल मी कोणाला काहीही म्हटलेलं नाही.

तुझी आजी